चर्चची पश्चिमेकडची भिंत

विचारलं तर उत्तर द्यावं, एवढी साधी रीत; पण धाकट्या सुनेला ती कुणी शिकवलीच नव्हती. "भिंत कुठवर आली?" असं विचारावं, तर म्हणे, "होतेय." "अक्षरं नीट दिसतील ना?" तर म्हणे, "दिसतील." एवढं बोलून झालं की मिठाची गुळणी धरल्यासारखी गप्प. केसांत चुना तसाच, नखांत चुना तसाच, आणि खाली मान घालून जेवायची. रंगारीणबाईंचं म्हणणं असं, की भांडणारी सून परवडली. भांडणात निदान समोरून आवाज तरी येतो. ही म्हणजे बंद दार. ठोठावून ठोठावून आपलाच हात दुखायचा.

रंगारीणबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. नवरा दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरची अक्षरं रंगवायचा आणि त्याचे रंग ह्या कालवायच्या. कुठल्या लालात किती काळा टाकला की तो लाल उन्हापावसाला पुरून उरतो, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक. शाळा जेमतेम दोन इयत्ता. वाचायला वेळ लागायचा, एकेक अक्षर जुळवत बसावं लागायचं. पण अक्षराची मान वाकडी असली तर ती रस्त्यापलीकडून दिसायची. "वाचता कमी येत असेल मला, बघता येतं," असं त्या शिकल्यासवरलेल्यांच्या तोंडावर सांगत. नवरा गेल्यावर दुकान आलं धाकट्या मुलाच्या हाती, आणि मुलगा तर पहिल्यापासून आईच्या मुठीत.

घरात कायदा एकच: भिंतीवर ऊन असताना ब्रश लावायचा नाही. उन्हात रंग वरून वाळतो, आतून ओला राहतो, आणि वर्ष उलटायच्या आत त्याचे पापुद्रे सुटतात. म्हणून पूर्वेची भिंत दुपारनंतर, पश्चिमेची सकाळी. ऊन भिंतीला टेकलं की ब्रश खाली, मग अक्षराचा एक पाय लटकत राहिला तरी राहो. चहा व्हायचा तोही त्याच वेळी, दुसरीकडे तोंड करून. हा कायदा इतका अंगात मुरला होता, की आपण लिहिलेल्या भिंती ह्या घरानं बघितल्या त्या सावलीतच. उन्हातली भिंत म्हणजे सुट्टी.

आता ह्या भिंतीची गोष्ट. चर्चच्या पश्चिमेकडच्या भिंतीवर पवित्र शास्त्रातलं एक वचन होतं, तीन ओळींचं. गवत वाळतं, फूल गळतं, देवाचा शब्द मात्र राहतो, असा त्याचा अर्थ. अक्षरं रंगारीणबाईंच्या नवऱ्याची. पण पश्चिमेचं ऊन आणि पश्चिमेचा पाऊस एकाच भिंतीवर तुटून पडायचे, आणि शब्द राहतो असं सांगणारी ओळच सगळ्यांत आधी उडायची. दर दोन वर्षांनी नवरा शिडी घेऊन जायचा आणि हसत म्हणायचा, "चला, देवाचा शब्द टिकवून येतो." तो गेला, आणि दोन पावसाळ्यांत भिंतीवर लालसर डागांपलीकडे काही उरलं नाही.

फादर स्वतः घरी आले. म्हणाले, "बाई, आता असं काहीतरी हवं, की पुन्हा शिडी लावायला नको." शहरातल्या कुठल्याशा कंपनीचा माणूस त्यांना भेटून गेला होता, पत्र्यावर छापून देतो म्हणत होता. रंगारीणबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. आमच्या भिंतीवर पत्रा! त्या तोंड उघडणार, तेवढ्यात दाराआडून धाकटी सून बोलली. लग्न होऊन आल्यापासून चारचौघांत पहिल्यांदाच बोलली असेल.

"रंगच नको," ती म्हणाली. "दगडाच्या चिपा बसवू. मी करते."

तिचा बाप फरशा बसवणारा. दगड, चुना, ओळंबा ह्यांतच ती वाढलेली. फादरांनी रंगारीणबाईंकडे पाहिलं. पत्र्याच्या रागात त्यांनी शब्द देऊन टाकला: "आमच्या घरातलंच काम आहे. झालंच समजा." आणि जिभेवरून गेलेला शब्द, मग तो परत घेणार कोण?

काम सुरू झालं तेव्हापासून आभाळ भरलेलं. बांबूंची परांची बांधली, जुने डाग खरवडले. रंगारीणबाईंनी ते खरवडणं बघितलं नाही. त्या दिवशी त्यांना घरातले सगळे डबे घासायचे होते. मग चुन्याचा गिलावा, आणि त्यात पांढऱ्या दगडाच्या बोटभर रुंद चिपा, आडव्या, दोन बोटं आत आणि एक बोट बाहेर. चुना हळूहळू मुरावा म्हणून भिंतीवर ओली गोणपाटं टांगलेली. धाकटी सकाळी सावलीत काम करायची, दुपार व्हायच्या आत गोणपाट ओढून घ्यायची. सासरचा कायदा आणि चुन्याचा कायदा इथे नेमके जुळले होते. त्यामुळे गोणपाटाआड काय चाललंय ते कुणाला कळेना, आणि ती तर ताकास तूर लागू देईना.

गोणपाटं निघाली ती रविवारी. परांचीही उतरवलेली. सकाळची प्रार्थना संपली तशी सगळी मंडळी चर्चला वळसा घालून पश्चिमेकडे आली. पुढे रंगारीणबाई, ठेवणीतली साडी नेसून, नवऱ्याचा वारसा आपणच भिंतीवर चढवल्यासारख्या. त्यांनी वर बघितलं.

भिंत पांढरी होती. पांढऱ्यावर पांढरे फोड. वर फोड, खाली फोड, डावीकडून उजवीकडे नुसते फोडच फोड. अक्षर म्हणाल तर औषधाला नाही.

"भिंतीला कांजिण्या आल्यात वाटतं," मागून कुणीतरी म्हणालं, आणि हसू पसरत गेलं.

चर्चच्या समितीवर एक चष्मेवाला होता, चौकात चष्म्यांचं दुकान असलेला. त्याने आपला चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "बाई, माझा नंबर मी गेल्याच आठवड्यात तपासलाय. तरी दिसत नाही. लिहायचं राहिलं का?"

आता तर पोरंसोरंही हसली. रंगारीणबाईंचं नाक चारचौघांत कापलं गेलं, आणि कापलं ते घरच्याच सुरीने. त्यांनी मागे वळून सुनेकडे बघितलं. ती भिंतीकडे बघत नव्हतीच, वर आभाळाकडे बघत होती. आभाळ राखेसारखं.

"ऊन यायला हवं," ती हळूच म्हणाली. "ऊन आलं की सावली पडेल चिपांची. सावलीचीच अक्षरं आहेत ती."

"आणि सावली संध्याकाळी जाईल!" चष्मेवाला म्हणाला. "देवाचा शब्द राहतो असं लिहायचं, आणि तोच दिवस मावळला की पुसला जायचा? फादर, हे काही मला पटत नाही."

फादर भला माणूस. कुणाला दुखवायचं तर आधी स्वतः दुखायचा. त्यांनी रंगारीणबाईंना बाजूला घेतलं. "कष्ट दिसतायत, बाई. पण म्हातारी माणसं येतात, त्यांना वाचता यायला हवं ना? चिपांवर काळा रंग फिरवला तर? नाहीतर तो पत्रेवाला..."

"पत्रा नाही," रंगारीणबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी मी येते. माझ्या हाताने रंगवते."

घरी आल्यावर त्यांनी चपला काढायच्या आधी तोंड सोडलं. मुलगा कोपऱ्यात जाऊन उभा राहिला. बायकोकडे बघावं तर आई, आईकडे बघावं तर बायको.

"हे बघितलं होतंस का तू? ही सावलीची अक्षरं? एकदा तरी?"

धाकटीने पहिल्यांदा सरळ उत्तर दिलं, आणि ते नसतं दिलं तर बरं, असं होतं. "एक अक्षर बघितलंय. मागच्या अंगणात फळीवर बसवून. बाकीची भिंत मीसुद्धा नाही बघितली. ऊनच नाही आलं. आणि आलं असतं तरी तेव्हा गोणपाट होतं."

"एका अक्षरावर अख्खी भिंत!" रंगारीणबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं, एका शितावरून भाताची परीक्षा होते, भिंतीची नाही!"

"आई, रंग लावला की संपलं," ती म्हणाली. ह्या वेळी मान खाली नव्हती. "दगड रंग पितो. मग कितीही घासला तरी निघणार नाही. काळ्यावर सावली दिसत नाही. एकदा ऊन येऊ द्या. एकदाच."

"आणि नाही आलं तर? तोवर गावाने आमच्या नावाने हसायचं? त्या भिंतीवर ह्यांची अक्षरं होती. ती खरवडलीस ना? मग तिथे काहीतरी दिसलं पाहिजे." एवढं बोलून त्या आत गेल्या. त्या रात्री त्या घरात कुणी कुणाला काही वाढलं नाही. ज्याने त्याने आपलं घेतलं.

सोमवारी सकाळी रंगारीणबाईंनी काळ्या ऑइल पेंटचा डबा उघडला, काडीने ढवळला, नवऱ्याचा चपटा ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडवून झटकला. पदर खोचला. सत्तरीला टेकलेली बाई, पण शिडी खांद्यावर घ्यायला मुलगा पुढे झाला तर त्याला म्हणाल्या, "डबा तेवढा घे. शिडी माझी आहे." चर्चपर्यंत त्यांनीच ती ओढत नेली, अर्धी वाट तरी.

धाकटी मागून आलीच. अडवलं नाही, रडली नाही. शिडी भिंतीला लागली तशी तिने दोन्ही हातांनी खालून घट्ट धरली.

"सोड. मी पडत नाही."

"मला माहीत आहे," ती म्हणाली, आणि सोडली नाही.

लिहिणारा माणूस वरून सुरू करतो, म्हणजे खालची ओळ हाताने पुसली जात नाही. रंगारीणबाई वरच्या ओळीशी पोचल्या. डबा शिडीच्या आकड्याला अडकवला. ब्रश भरला, कडेला निथळवला आणि पहिल्या अक्षरावर नेला. पण पहिलं अक्षर होतं कुठे? जवळून तर नुसता दगडांचा उकिरडा. म्हणून त्यांनी डावा हात पुढे केला आणि भिंत चाचपली.

हात थांबला. बोटांखाली चिपा होत्या, एकीखाली एक, एकीखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारख्या. प्रत्येकीची धार पाण्यासारखी सपाट. वरती आडवी लांब पट्टी, अक्षराची शिरोरेघ, तिची चीप बाकीच्यांहून किंचित पुढे. बोटं घसरत खाली आली, वळली, गोल फिरली, पुन्हा वर गेली. हे वळण त्यांना ठाऊक होतं. "ग"चा पोट फुगवून आत घेतलेला गळ, शेवटी जरासा उचललेला. असा "ग" दुनियेत एकच माणूस काढायचा.

"हे वळण कुठून आणलंस?" त्यांनी खाली न बघता विचारलं.

"खरवडायच्या आधी डागांवरून गिरवून घेतलं. कागद लावून. सगळ्या तिन्ही ओळी."

"मला सांगितलं नाहीस."

"तुम्ही त्या दिवशी डबे घासत होतात, आई."

पण शब्द म्हणजे शब्द. फादरांना दिला होता, गावाने ऐकला होता. डोळ्याला दिसत नसेल तर वळण कुणाचं का असेना, काय उपयोग? त्यांनी पुन्हा ब्रश भरला. काळा रंग टोकाशी जमून ठिबकायच्या बेतात होता. हात भिंतीपासून वीतभर अंतरावर.

तेवढ्यात पायांना ऊब लागली.

त्यांनी खाली बघितलं. तोवर दुपार झाली होती, आणि आभाळ नुकतंच फाटलं होतं, हे कामाच्या नादात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. आता सूर्य छपराच्या कडेवरून डोकावत होता, आणि छपराची सावली मागे सरत सरत वर येत होती. भिंतीचा पायथा पांढराशुभ्र पेटला होता. ऊन तळापासून वर चढत होतं, शिडीच्या एकेका पायरीवरून, त्यांच्या पावलांवर, घोट्यांवर.

ऊन भिंतीला टेकलं की ब्रश खाली. विचार वगैरे त्यांनी काही केला नाही. आयुष्यभराच्या सवयीने हात आपोआप मागे आला आणि ब्रश डब्यात गेला. एवढंच झालं. काळा रंग त्या भिंतीला लागला नाही, ह्याचं श्रेय द्यायचं तर त्या मुरलेल्या सवयीला द्यावं.

मग त्यांना दिसलं, की प्रत्येक चिपेखालून काळपट धार ओघळतेय. एकेक धार हातभर लांब. अख्खी खालची बाजू अशी, जणू भिंतीने केस मोकळे सोडलेत.

"आई, खाली या!" धाकटी ओरडली. तिला ओरडता येतं, हे घरात कुणाला माहीत नव्हतं. "तिथून नाही दिसायचं. खाली या, पलीकडे चला!"

रंगारीणबाई उतरल्या. सुनेने हात धरला, त्यांनी धरू दिला. दोघी रस्ता ओलांडून समोरच्या कुंपणाशी गेल्या आणि वळल्या.

आधी नुसत्या रेघा होत्या. मग सूर्य छपरापासून सुटला तशा त्या रेघा आखडू लागल्या. कुणी ओढत नव्हतं, कुणी हात लावत नव्हतं. आपल्या आपण वर चढत होत्या, एकमेकींना भेटत होत्या. एका चिपेची सावली खालच्या चिपेच्या डोक्यावर टेकली, तिची तिसरीच्या. तुटक तुटक पायऱ्यांची सलग रेघ झाली. शिरोरेघ धरली गेली, लांब, काळीशार, एका पातळीत. आणि तिच्याखाली, शेवटच्या ओळीत, अक्षर उभं राहिलं. मग दुसरं. मग शब्द.

रंगारीणबाई वाचू लागल्या. ओठ हलत होते. त्यांच्या नवऱ्याच्या रंगातून सगळ्यांत आधी उडायची ती ओळ ह्या भिंतीवर सगळ्यांत आधी आली. देवाचा शब्द राहतो. तिच्या वरची, गळणाऱ्या फुलाची ओळ अजून ओघळत होती, अर्धे केस, अर्धी अक्षरं. सगळ्यांत वर गवत अजून सावलीत, फोडच फोड. आणि ऊन चढतच होतं, कसलीच घाई नसल्यासारखं, आणि तिन्ही ओळी खालून वर एकेक करून जाग्या होत होत्या. रंगारीणबाईंनी हजारो अक्षरं होताना बघितली होती. प्रत्येक वेळी कुणाचा तरी हात मध्ये असायचा. इथे हातच नव्हता. इतक्या मोठ्या भिंतीवर इतका मोठा सूर्य, आणि तो त्यांच्या घरातल्या माणसाच्या वळणाने लिहीत होता.

त्यांनी तोंडावर पदर धरला.

रस्त्याने जाणारी माणसं थांबायला लागली. एका सायकलवाल्याने पाय टेकला आणि तसाच राहिला. मुलगा टर्पेंटाइनची बाटली हातात धरून उभा, बूच लावायचं विसरून. फादर जेवता जेवता उठून आले होते. खरकटा हात अंगापासून लांब धरून, मान वर करून, ते बघत राहिले. शेवटी डाव्या हाताने डोळे पुसले, आणि ते पुसायला लाजलेही नाहीत.

चौकातून चष्मेवाला आला. बराच वेळ बघत राहिला. वाचलं त्याने, ओठ न हलवता, शिकलेला होता तो. पण बोलल्याशिवाय राहवतंय कुठे? "मान्य. पण संध्याकाळी जाईलच की हे."

"संध्याकाळी तुम्हीही शटर ओढता," रंगारीणबाई पदराआडून म्हणाल्या. "म्हणून काय आम्ही तुम्हाला मेलेलं धरतो?"

सायकलवाला हसला, मग फादर हसले, आणि मग चष्मेवालाही हसला. चष्मा कपाळावर सरकवून तो पुन्हा वर बघू लागला.

लोक आले, लोक गेले. रंगारीणबाई कुंपणाशीच बसून राहिल्या. घरी चला म्हणायला मुलगा दोनदा आला, दोनदा परतला. दुपार कलली तशी अक्षरं बारीक होत गेली; जाड होती ती सडपातळ, सडपातळ होती ती सुईसारखी. सूर्य समोर आला, भिंत सोनेरी झाली, आणि बघता बघता ओळी तिच्यात विरघळल्या. पुसल्या कुणीच नाहीत. दगड तिथेच होता, वळण तिथेच होतं. कोरी भिंत, उजेडाने काठोकाठ भरलेली. ती अक्षरांएवढीच मोठी वाटली त्यांना, आणि हे कुणाला कसं सांगावं ते त्यांना कळेना.

धाकटी शेजारी बसली होती. आता तीच बोलली, खाली बघत, नखातला चुना कोरत.

"आई, कसं झालंय?"

रंगारीणबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. साडीची माती झटकली. सुनेलाही उभं राहायला लावलं, कारण असल्या गोष्टी बसल्या बसल्या सांगायच्या नसतात.

"ऐक. तुला बोलता येत नाही. मोठ्यांनी विचारलं तर अर्ध्या शब्दात वाटेला लावतेस. न बघितलेल्या गोष्टीवर अख्ख्या घराची अब्रू लावलीस, आणि मला आधी सांगितलं नाहीस. ह्यातलं एक अक्षरही मी मागे घेत नाही. पण आमच्या घराने आजवर जेवढ्या भिंती केल्या, त्यांत एवढी मोठी भिंत कुणी केली नाही. मी नाही, आणि ह्यांनीही नाही. उद्या हे मी फादरांना सांगेन, परवा तुझ्या नवऱ्याला सांगेन, आणि त्या चष्मेवाल्याला तर दुकानात जाऊन सांगेन. पण सगळ्यांत आधी तुला सांगितलं. कळलं? आता रडू नकोस, मला सवय नाही."